तिसऱ्या मजल्यावरच्या नळाचे यजमान

आमच्या शाळेत एक सर होते, ते रिकाम्या वर्गाचंही दार वाजवून आत जायचे.

मी तेव्हा नवीन होते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, आत कोणी असेल. सरांनी दोनदा टकटक केली, जरा थांबले, "येऊ का?" म्हणाले आणि गेले आत. मी मागून डोकावले तर नुसती बाकं आणि फळा. चिटपाखरू नाही. "सर, आत तर कोणीच नाहीये," मी म्हटलं. सर म्हणाले, "हो ना. म्हणून तर जरा जोरात वाजवलं."

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन नायगावला आले, खाडीकडच्या नव्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर संसार मांडला आणि वसईतल्या या शाळेत मराठी शिकवायला लागले. आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईला बाई म्हणतात, इथे टीचर म्हणतात. तेवढाच काय तो फरक, असं वाटत होतं. सरांना पाहिल्यावर वाटलं, वसईचे लोक असेच असतील बाई. सहा महिन्यांनी कळलं की वसईचे लोक चांगले शहाणेसुरते आहेत, हे एकटेच असे आहेत.

सर पश्चिमेकडच्या एका गावातले, जुन्या ख्रिस्ती बागायतदार घरातले. घरी केळीची वाडी. शाळेत सायकलवर यायचे. पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट आणि त्याच्या खिशात पेनाशेजारी साबणाची डबी. कोणाचे हात मळलेले दिसले की डबी उघडून पुढे करायचे, लोक तपकीर पुढे करतात तशी. शिकवायचे भूगोल, पण भूगोल हे निमित्त. त्यांचे खरे विषय जिना, व्हरांडा, नळ आणि संडास.

"वर्गात विषय शिकवतात, टीचर," ते मला सांगायचे. "शाळा जिन्यात शिकवावी लागते. वर्गात मूल नीट वागतं, कारण तिथे तुम्ही असता. जे सगळ्यांचं आहे आणि जिथे कोणी बघत नाही, तिथे ते कसं वागतं ते बघा."

मी मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, अहो सर, माझे साठ पेपर तपासायचे राहिलेत, जाऊ द्या की मला.

पहिलीच्या पोरालासुद्धा सर अहो-जाहो करायचे. रागावले तरी अहो-जाहोच. एकदा जिन्याच्या कोपऱ्यात कोणीतरी थुंकलं होतं. सरांनी आठवीच्या एका दांडगटाला समोर उभं केलं आणि विचारलं, "अहो गाढव, आपण इथे थुंकलात का?" त्या मुलाला हसावं की रडावं कळेना. "हो सर," म्हणाला बिचारा. नुसतं 'गाढवा' म्हटलं असतं तर शंभर टक्के 'मी नाही' म्हणाला असता. पण समोरचा माणूस इतका मान देतोय म्हटल्यावर खोटं बोलायची सोय राहत नाही. फार फार राग आला की मात्र सर आपल्या घरच्या बोलीत शिरायचे. ती आम्हा बाहेरून आलेल्यांना काडीची कळायची नाही. पोरं चूपचाप ऐकून घ्यायची आणि नंतर गावातल्या मुलांकडून अर्थ विचारून घ्यायची. गावातली मुलं सांगायची नाहीत, नुसती फिदीफिदी हसायची.

जिन्यातही त्यांचा घाटाचा नियम होता. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, तसं जिन्यात चढणाऱ्याला आधी वाट. मधल्या वळणावर सर स्वतः उभे राहायचे, एक हात वर, एक हात आडवा. शाळा सुटल्यावर आठशे पोरं खाली उतरायची आणि वर चढायला एकटी मी, राहिलेली छत्री आणायला. सरांनी आठशे पोरं थांबवली. "चढणाऱ्याला वाट!" मी छत्रीच्या नादात वर चाललेय आणि दोन्ही बाजूंनी आठशे पोरं भिंतीला चिकटून माझ्याकडे बघतायत. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्यानंतर छत्री विसरायची माझी सवय गेली, हे मात्र खरं.

संडासाची गोष्ट तर आमच्या शाळेत अजून सांगतात. दुसऱ्या मजल्यावर मुलांचा संडास होता, त्याला असा काही वास यायचा की पोरं नाक धरून पळत जायची आणि पळत यायची. सूचना लावून झाल्या, दंड करून झाला. एका सोमवारी मधल्या सुट्टीत सर खुर्ची घेऊन आले, संडासाच्या दारासमोर मांडली, मांडीवर रुमाल पसरला आणि डबा उघडला. "इथे बसून जेवता आलं पाहिजे," म्हणाले. "जेवता येत नसेल तर ती जागा माणसांची नाही." सोमवार, मंगळवार, बुधवार, सर रोज तिथे जेवतायत. नववीच्या मुलांना लाज वाटायला लागली. स्वतः बादल्या आणून धुवायला लागली. गुरुवारी सरांनी एका मुलाला बोलावून विचारलं, "सांगा आता, वास येतो का?" तो टॉवरमधला, घरी अंडंही न खाणारा. तो म्हणाला, "येतो सर. पण तो तुमच्या डब्याचा येतोय." सरांच्या डब्यात बोंबील होते. सरांनी त्याची पाठ थोपटली आणि शांतपणे जेवत राहिले.

या सगळ्या वेडांचा मुकुटमणी म्हणजे यजमानपद.

नियम साधा होता. जो सगळ्यांची जागा खराब करेल, तो आठवडाभर त्या जागेचा यजमान. शर्टाला बिल्ला लावायचा. बिल्ला कुठल्याशा जुन्या स्नेहसंमेलनातला, त्यावरचा 'स्वयंसेवक' खोडून कागद चिकटवलेला, 'यजमान'. मधल्या सुट्टीत त्या जागी उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत करायचं. जिन्यात थुंकलेला तो आठवीतला दांडगट आठवडाभर पायरीवर उभा राहून म्हणत होता, "या, या, सावकाश. कठड्याला धरा." ग्रंथालयात बाकावर नाव कोरणारी एक मुलगी म्हणायची, "बसा ना, पंखा लावू का?" पोरं मुद्दाम पाहुणी होऊन जायची. पण एक खरं, ज्याने आठवडाभर एखाद्या पायरीचं यजमानपद केलं, तो त्या पायरीवर पुन्हा थुंकलेला मी पाहिला नाही.

सर म्हणायचे, ही त्यांच्या गावची रीत. वसईच्या वाड्यांमध्ये गोड्या पाण्याची तळी असतात, बावखलं. पूर्वी त्यात कोणी घाण केली तर म्हणे त्याला काठावर बसवून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्या हाताने पाणी द्यायला लावायचे. मी त्यांच्याच गावच्या एका म्हाताऱ्या शिक्षिकेला विचारलं, खरं का हो? ती म्हणाली, "छे गं. आमच्याकडे थोबाडात द्यायचे."

आता माझ्या करणीकडे येते. ही गोष्ट सांगायची म्हणजे मला माझंच उणं काढावं लागणार, पण इलाज नाही.

शिक्षकखोली तिसऱ्या मजल्यावर. दहा वाजून वीस मिनिटांनी, मधली सुट्टी झाली की, आमचा चहा व्हायचा आणि तो मी करायचे. मी करायचे कारण माझा चहा चांगला व्हायचा, उगीच विनय कशाला? नायगावच्या आमच्या बाल्कनीत कुंडीत गवती चहा लावलेला आहे. रोज चार पाती घेऊन जायची, हस्तकलेच्या कात्रीने एकसारखे तुकडे करायचे आणि वर दोन वेलच्या. सर्व शिक्षकखोली त्या वासाने जागी व्हायची. सरही कप पुढे करायचे, पहिला घोट घेऊन डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं." त्यांच्याकडून 'हं' मिळणं म्हणजे जिल्हा पुरस्कार.

पण चोथ्याचा प्रश्न होता. शिक्षकखोलीतल्या बेसिनवर सरांनी सुवाच्य अक्षरात पाटी लावलेली, 'या नळाला घसा आहे. त्यात चोथा घालू नये.' चोथा घेऊन तीन मजले उतरायचे, शाळेच्या मागे खताच्या खड्ड्यात टाकायचा आणि परत तीन मजले चढायचे. तेही घाटाच्या नियमाने. त्या दिवशी माझा पुढचाच तास होता आणि गुडघा दुखत होता. बाहेर व्हरांड्यात मुलांचं हात धुवायचं, पाणी प्यायचं लांब बेसिन होतं. तिथे पाटी नव्हती. इकडेतिकडे बघितलं आणि गाळणं त्यात उलटं केलं. एकदाच केलं, असं मी पुढे लोकांना सांगत आले. खरं सांगायचं तर बरेच दिवस करत होते.

दोन दिवसांनी बेसिन तुंबलं. कोणीतरी नळ उघडा ठेवून गेलं असणार, पाणी व्हरांड्यात आलं, व्हरांड्यातून जिन्यात, आणि जिन्याने रीतसर एकेक मजला उतरून मुख्याध्यापिकांच्या दालनात गेलं. मॅडमच्या चपला पाण्यावर तरंगत दाराबाहेर आल्या तेव्हा शाळेला कळलं. प्लंबरने पाइप उघडला आणि मुठीएवढा काळाकुट्ट गोळा बाहेर काढला. चहाचा चोथा.

माझ्या पोटात गोळा आला. तोही मुठीएवढाच असेल.

सरांनी तो गोळा जपून उचलला, शेंगदाण्याच्या चिक्कीच्या रिकाम्या बरणीत ठेवला, बरणी व्हरांड्यात टेबलावर मांडली आणि चिठ्ठी लावली, 'आपल्या नळाच्या घशातून निघालेला.' मग वर्गावर्गातून चौकशी सुरू. माझ्या वर्गात, सातवी ब मध्ये, त्यांनी विचारलं, "आपल्यापैकी कोणी शाळेत चहा आणतं का?"

एकच हात वर झाला. एक सडपातळ, दोन वेण्या घातलेली मुलगी. तिच्या वडिलांची कामणला गोदामांच्या रस्त्यावर चहाची टपरी. सकाळच्या बसने यायची, पोटात काही नसायचं, म्हणून ते तिला स्टीलच्या बाटलीत चहा भरून द्यायचे. हात वर केला तो तिने. खरं बोलली म्हणून अडकली.

"मी नाय टाकला, सर," ती म्हणाली.

सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. चहावाल्याची पोर, चहाचा चोथा, झालं, गणित सुटलं. सरांनीही, त्या अहो-जाहो करणाऱ्या, दार वाजवणाऱ्या सरांनीही, बोट तिच्याकडे केलं. "यजमान," ते म्हणाले. "घाबरू नका. ही शिक्षा नाही, मान आहे."

आणि मी? मी वर्गशिक्षिका. फळ्याशेजारी खडू हातात घेऊन उभी होते. माझी कायम होण्याची ऑर्डर जूनमध्ये निघायची होती. तोंड उघडलं नाही मी. थू माझ्या जिण्यावर, असं त्या रात्री वाटलं, पण सकाळी उठून पुन्हा गप्पच राहिले.

ती पोर दोन दिवस नळाजवळ उभी राहिली. "या, पाणी घ्या" म्हणताना तिचा आवाज निघायचा नाही. पोरांनी तिला नाव ठेवलं, चोथा. "ए चोथा, पाणी दे." तिसऱ्या दिवशी ती आली नाही. चौथ्या दिवशी आली ती वडिलांना घेऊन.

आम्ही मॅडमच्या दालनात बसलो. मॅडम, सर, मी, ती मुलगी आणि तिचे वडील. मला वाटलं होतं, आता आरडाओरडा होणार. पण तो माणूस खुर्चीच्या टोकावर बसला होता, इस्त्री केलेला शर्ट घालून.

"सर, आमी चोथा फेकत नाय," तो म्हणाला. "वाळवतो नि नर्सरीवाल्याला देतो. घरात पन आनि टपरीवर पन. माजी पोरगी चोथा फेकनार नाय. मला तो दाखवा जरा."

सरांनी बरणी आणवली. त्याने झाकण काढलं, चिमूटभर तळहातावर घेतलं, बोटाने पसरलं आणि नाकाशी नेलं. मी आयुष्यात बऱ्याच परीक्षा दिल्या, पण असला परीक्षक पाहिला नाही.

"ही पत्ती मोठी हाय," तो म्हणाला. "आमची बारीक असते, भुकटी. आमच्यात आलं पडतं, यात आलं नाय. यात वेलची हाय. आनि हे बघा, गवती चहा. ठेचलेला नाय, कात्रीनं कापलेला. सगळे तुकडे एकसारखे." त्याने मान हलवली. "हा धंद्याचा चहा नाय, सर. कोनीतरी हौसेनं केलेला हाय."

मॅडम कॉफी घेतात, त्यांना काही कळलं नाही. सरांना कळलं. वर्षभर रोज दहा-वीसला तो चहा पिणारा माणूस तो. आता ते माझ्याकडे बघणार, असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. ते पंख्याकडे बघत राहिले. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"तरी मी सांगतो," सर जरा अडखळत म्हणाले, "यजमानपद ही शिक्षा नाही. तो मान..."

"मान हाय तर पहिला नंबर येतो तिला का नाय देत?" ती मुलगी म्हणाली.

"ए, गप," तिचे वडील म्हणाले.

"नाही, बोलू द्या त्यांना," सर म्हणाले. पण ती आणखी काही बोलली नाही. तिचं बोलून झालं होतं. सर मग उठले, तिच्या पुढ्यात जरा वाकून म्हणाले, "आपलं बरोबर आहे. मी चुकलो." तिने बिल्ला काढून दिला. सरांनी तो स्वतःच्या खिशाला, साबणाच्या डबीवर लावला.

"सर, हे काय?" मॅडम म्हणाल्या. "आठ महिन्यांनी रिटायर होताय. शुक्रवारी विश्वस्त येतायत. शोभतं का हे?"

मुलीचे वडील मात्र तेवढ्यावर उठले नाहीत. "सर, तुमी उभं राहून काय होनार? वर्गात पोरीला चोथा बोलतात. कोनी टाकला ते सगळ्यांना कळलं पायजे. शनिवारपर्यंत बघतो, नायतर तिला काढून गावच्या शाळेत घालतो." मग माझ्याकडे वळून हात जोडले. "टीचर, तिला मराठीत लई गोडी. तुमचं नाव घेते घरात. तुमी जरा बघा."

मी "हो, बघते" म्हणाले. काय निर्लज्ज बाई असेन मी!

बुधवारपासून सर मधल्या सुट्टीत नळाजवळ उभे. सत्तावन्न वर्षांचा माणूस, दम्याने छाती वाजतेय आणि पहिलीच्या पोराला म्हणतोय, "यावं, यावं. पाणी घ्यावं. नळ घट्ट बंद झाला का बघावं." पोरांना पर्वणी. एकेक पोर पाच-पाच वेळा पाणी प्यायला यायचं आणि मग तासाला संडासाला जायची परवानगी मागायचं. शुक्रवारी विश्वस्त आले, त्यांनाही सरांनी अडवून पाणी पाजलं. त्यातल्या एकांनी ओंजळीने पिताना शर्ट भिजवला. "हे गृहस्थ कोण?" त्यांनी मॅडमना विचारलं. मॅडमनी "भूगोल" एवढंच सांगितलं.

मी रोज दहा-वीसला सरांचा चहा व्हरांड्यात नेऊन द्यायचे. गवती चहा घालायची छाती नव्हती. सर एक घोट घ्यायचे, कपात बघायचे आणि म्हणायचे, "आज काहीतरी कमी आहे, टीचर." बुधवारी म्हणाले, गुरुवारी म्हणाले, शुक्रवारी म्हणाले. एक शब्द जास्त नाही की कमी नाही. शिक्षकखोलीत सगळ्यांना माहीत होतं. सगळे वर्तमानपत्रात तोंड घालून बसायचे. कोणी मला दोष दिला नाही, कारण आता कळलं की त्या बेसिनमध्ये चित्रकलेच्या सरांचे रंग आणि गणिताच्या टीचरची भातशितंही जायची. आम्ही सगळे पाटी नसलेल्या नळावर जाणारी माणसं.

शुक्रवारी शाळा सुटताना ती मुलगी माझ्याकडे वही द्यायला आली. "टीचर, निबंध राहिला होता तो पूर्ण केला. उद्या मी शेवटची येनार, म्हनून आजच देते," म्हणाली. घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता ऑर्डर निघेपर्यंत गप्प बस." माझ्याच मनातलं त्याच्या तोंडून ऐकलं आणि मला त्याचा इतका राग आला की जेवण सोडून उठले.

शनिवारी परिपाठाला माझ्या वर्गाची पाळी होती. प्रार्थना झाली, बातम्या झाल्या, मग माईकवरून मुलगा म्हणाला, "आता आजचा सुविचार." सुविचार सांगणारी मुलगी पुढे यायला लागली, तिला मी थांबवलं आणि माईक हातात घेतला. पटांगणात आठशे पोरं. काय काय बोलायचं ठरवलं होतं, सगळं विसरले. तोंडातून एवढंच आलं,

"तिसऱ्या मजल्यावरच्या नळात चोथा मी टाकला."

आणि मग पहिलीच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. आमच्या शाळेत सुविचार झाला की टाळ्या वाजवायची पद्धत आहे. पहिलीने वाजवल्या म्हणून दुसरीने वाजवल्या, दुसरीने वाजवल्या म्हणून तिसरीने, बघता बघता सगळं पटांगण टाळ्यांनी दणाणलं. मी माईक धरून उभी. "अरे वाजवू नका!" मी ओरडले. "ऐका! ती मुलगी नव्हती, मी होते! तिने काही केलं नाही! माझा चहा होता, मी टाकला आणि मी गप्प बसले!" आता मात्र सातवी-आठवीच्या रांगा चिडीचूप झाल्या. मॅडमनी डोक्याला हात लावला. गेटजवळ मुलीचे वडील उभे होते, दाखला मागायला आलेले. ते आतही आले नाहीत आणि गेलेही नाहीत, तिथेच उभे राहिले.

मला मेमो मिळाला, ऑर्डर जूनऐवजी दिवाळीत निघाली. ते सगळं भोगलं, त्याचं काही नाही. परिपाठ संपल्यावर मी सरांकडे गेले. म्हटलं, "सर, माझ्यासाठी तुम्ही तीन दिवस उभे राहिलात. मला माफ करा."

"तुमच्यासाठी?" सर खरोखरच चकित झाले. "तुमच्यासाठी मी कशाला उभा राहू? चोथा तुमचा होता, टीचर. बोट माझं होतं." आणि बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. "सोमवारी मधल्या सुट्टीत. आणि आवाज जरा मोकळा ठेवा, पाहुण्याला ऐकू गेलं पाहिजे."

सोमवारी मी उभी राहिले. "या, पाणी घ्या." पहिले दोन दिवस पोरं लाजली. मग त्यांची भीड चेपली आणि पोरं ती पोरंच. बुधवारी आठवीतला एक जण पाणी प्यायला, दोस्तांना डोळा मारला आणि जाता जाता हळूच म्हणाला, "थँक्यू, चोथा टीचर." सगळे फिसकन हसले. मी मान खाली घातली. दुसरं काय करणार? कमाई माझीच होती.

ती मुलगी रांगेत मागे उभी होती. तिच्या वडिलांनी दाखला मागितला नव्हता. ती रांग सोडून पुढे आली, त्या मुलाच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हती, पण समोर उभी राहिली. "ए. असं नाव नाय ठेवायचं कोनाला," म्हणाली. "लागतं. मला म्हाईत हाय." तो मुलगा वरमला. सॉरी म्हणाला, आधी तिला आणि मग मला. आणि मी, आठशे पोरांसमोर न रडलेली बाई, तिथे नळाजवळ घळाघळा रडले.

सर जिन्याच्या वळणावर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते भरभर आले, माझ्याकडून बिल्ला मागून घेतला आणि त्या मुलीपुढे दोन्ही हातांनी धरला, देवळात नाहीतर चर्चमध्ये काही अर्पण करतात तसा. "त्या दिवशी आपण विचारलंत, मान आहे तर चांगल्यांना का देत नाही. आपलं बरोबर होतं. आज हा खरा मान. घ्या."

मुलीने बिल्ल्याकडे बघितलं. सरांकडे बघितलं. मग पटांगणाकडे बघितलं, तिथे लंगडीचा डाव मांडला जात होता.

"नको सर," ती म्हणाली. "मला खेळायचंय."

आणि दोन वेण्या उडवत धूम पळाली. जिना उतरताना तिच्या पावलांचा दणदण आवाज तीन मजले येत राहिला. इतर कोणी असा धावला असता तर सरांनी हात आडवा केला असता. सर हात तसेच पुढे धरून उभे होते. मग हसायला लागले. आजवर त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं, दमा उसळेपर्यंत हसले, डोळ्यांतून पाणी काढून हसले. हसता हसताच त्यांनी बिल्ला स्वतःच्या शर्टाला लावला, मला बाजूला सरकायची खूण केली आणि नळाजवळ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"या," रांगेतल्या पुढच्या मुलाला ते म्हणाले, "पाणी घ्या."